फ्रिज माडीवर, इन्शुलिन फ्रिजात

पंचगंगेकाठच्या एका घराची ही हकीकत. गाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहराच्या इतकं जवळ की रात्री अंगणातून शहराचे दिवे दिसतात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एक होतं आणि पुढं पंचगंगा म्हणून वाहतं. त्या पट्ट्यातल्या माणसाला पूर नवा नसतो, आणि घोळ नेमका तिथंच होतो. मी समाजकार्य शिकवते. २०१९ च्या महापुरात विद्यार्थ्यांना घेऊन निवारा केंद्रावर गेले होते, तिथं या घराची गाठ पडली आणि पुढची काही वर्षं जाणं-येणं राहिलं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. नावं देत नाही, घरात ज्याला जे म्हणतात तेच लिहिते.

आबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. पंधरा वर्षांची शुगर, त्यातली शेवटची तीन इन्शुलिनवर. आज्जी त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. थोरला मुलगा शेती बघतो, म्हणजे ऊस. धाकटा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. दोघांची लग्नं झालेली, मिळून तीन नातवंडं. लेक पन्हाळ्याच्या बाजूला उंचावरच्या गावात दिलेली. गोठ्यात तीन म्हशी. पुढं कौलारू सोपा म्हणजे ओसरी, मागं दोन खोल्यांवर स्लॅब, स्लॅबवर पत्र्याची एक खोली. तिला ही मंडळी माडी म्हणतात.

सोप्याच्या भिंतीवर गेरूनं मारलेली आडवी रेघ, शेजारी २००५. त्या वर्षीच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. रेघ आबांनी स्वतः ओढलेली, दर दिवाळीला भिंत रंगवताना ती सोडूनच रंग द्यायचा असा त्यांचा दंडक. आणखी एक गोष्ट: १९८९ च्या पुरानंतर सरकारनं चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली. या घरालाही तिथं प्लॉट मिळाला. आबांनी दोन खोल्या उठवल्या आणि त्यात कडबा भरला. राहायला कोणी गेलं नाही. शेत इथं, गोठा इथं, देव इथं. हा निर्णय मला वेडेपणाचा वाटत नाही. नदीकाठची काळी जमीन सोडून माळावर जाऊन बसा, हे कार्यालयातून सांगायला सोपं असतं.

५ ऑगस्ट

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. लेक माहेरी यायची होती, रस्त्यावर पाणी आल्यानं आली नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या फोनवर फिरत होत्या. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. पाणी धोक्याच्या वर गेलेलं होतं. दुपारी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, बाहेर पडा. आबा सोप्यात खाटेवर बसून भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या रेघंच्या वर पाणी येत न्हाई."

मग संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत घर उचलायचं काम चाललं. हे सात तास मी नंतर प्रत्येकाकडून वेगवेगळे ऐकले आणि एका कागदावर लावून पाहिले. थोरल्यानं खताची पोती वर नेली, मग सात-बारा, बँकेची पुस्तकं, सोसायटीचे कागद असलेली पत्र्याची पेटी. थोरल्या सुनेनं ज्वारीचं पिंप अर्धं केलं आणि पाट्यांनी धान्य वाहिलं. धाकट्या सुनेची शिलाई मशीन. टीव्ही. गॅसची टाकी. पोरांची दप्तरं पोरांनीच नेली. आणि धाकट्यानं शेजारच्या पोराला हाताशी घेऊन फ्रिज चढवला. जिना अरुंद, वळणावर फ्रिज अडकला. दार बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवून, खाली गोणपाट घालून इंच इंच वर सरकवत पाऊण तास गेला. दार उघडू नये म्हणून त्याला सुतळी बांधली होती. ही सुतळी लक्षात ठेवा.

आज्जी या सगळ्यात नव्हती. ती गोठ्यात होती.

दहाच्या सुमारास वीज गेली. रात्रभर आठ माणसं माडीवर फ्रिजला टेकून बसली. जेवण म्हणजे पंचमीच्या लाह्या आणि शेंगदाणे. आबांची रात्रीची सुई कोणाच्या लक्षात आली नाही. आबांच्या आली होती, पण ते बोलले नाहीत. पाणी २००५ च्या रेघेवर कधी चढलं ते कोणी पाहिलं नाही, अंधारच होता.

सकाळी बोट आली. जवान म्हणाला, फक्त माणसं. आज्जी कमरेएवढ्या पाण्यात गोठ्याच्या दारात उभी होती. विळ्यानं दावी कापून म्हशी सोडल्याशिवाय ती हलली नाही. तिची धाकटी सून मला म्हणाली, "आत्ती म्हणाल्या, त्यांना बांधून मी कसा जाऊ? म्या आधी सोडतो, मग येतो." (इकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' म्हणतात.) शिडीवरून उतरताना पाण्याखालच्या पत्र्यानं आबांच्या डाव्या पायाला कापलं. त्यांना ते कळलंही नाही. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, दुखत नाही म्हणून बघितलं जात नाही.

इन्शुलिनची बाटली फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात राहिली. रात्रभर ती त्यांच्या पाठीमागं वीतभर अंतरावर होती, सुतळीच्या आत.

केंद्रावर

निवारा केंद्रावर डॉक्टर होते, औषधंही होती. पण आबांनी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. लोकांचं सगळं गेलंय, आपण काय सुई मागायची, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप भरला, पाय सुजला, तेव्हा कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला नेलं. पुढं डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी मुलांना नीट समजावलं होतं: जखम, घाण पाणी, चढलेली साखर, उशीर, सगळ्याचा मिळून हा परिणाम. घरात मात्र यातलं एकच कारण उरलं. फ्रिज.

पाणी उतरल्यावर चिखल काढताना थोरला पहिल्यांदा बोलला, "बा गेला असता तर चाललं असतं, फ्रिज वाचला न्हवं." धाकट्यानं हातातलं खोरं टाकलं आणि तो नदीकडं निघून गेला. त्यानंतर दोघांत साधं बोलणं बंद. सानुग्रह अनुदानाचे दहा हजार आबांच्या खात्यावर आले, ते थोरल्यानं लागणीच्या बियाण्याला घातले, त्यावरून आणखी एक भांडण. पैशाचं हे भांडण मी फार खोलात लिहीत नाही. त्या वर्षी त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत ते झालं, आणि त्यात वेगळं असं काही नव्हतं.

आज्जीच्या तीन म्हशींपैकी दोन चार दिवसांनी वरच्या माळावर सापडल्या. तिसरी गाभण होती, ती गेली. दुभत्या जनावराला तेव्हा मदतीचा निकष ३० हजारांचा. आज्जीनं ती ७२ हजाराला घेतली होती. पण आकड्यावर ती बोलली नाही. कापलेलं दावं तिनं गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवलं, अजून आहे.

माझी चूक

सप्टेंबरात मी घरी गेले तेव्हा सगळ्यांना सोप्यात बसवून जे बोलायला नको होतं तेच बोलले. वस्तू परत घेता येतात, माणूस परत येत नाही, वगैरे. धाकटा उठला. दारातून वळून म्हणाला, "मॅडम, हे आमाला कळत न्हाई व्हय?" आणि गेला. मला तेव्हा तो उद्धट वाटला. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आमच्या क्षेत्रात ही चूक फार होते. समोरचं घर सामान वाचवत बसलं, म्हणजे त्याला सामान प्यारं, असा हिशेब आपण मांडतो आणि समजावायला लागतो. फ्रिजची खरी गोष्ट मला दीड महिन्यानं कळली, तीही धाकट्या सुनेकडून, चहाची भांडी विसळताना.

आबांना इन्शुलिन सुरू झालं तेव्हा घरात फ्रिज नव्हता. बाटली समोरच्या घरच्या फ्रिजात ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी जाऊन आणायची आणि टोचून झालं की परत ठेवायची. पहिले चार महिने ठीक चाललं. मग एकदा त्या घरच्या बाईनं धाकट्याला सहज म्हणावं तसं म्हटलं, "दिवसातनं दोनदा दार उघडावं लागतंय, आमचं बिल वाढाय लागलंय." त्या दिवाळीच्या बोनसचे पैसे आणि वर बारा हप्ते असं करून त्यानं फ्रिज आणला. त्यात पहिली वस्तू ठेवली ती बाटली. दुधाचं पातेलं ठेवायला बायकोलासुद्धा त्यानं दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबवलं. "त्यो फ्रिज म्हणजे मामांचं औषध, असंच आमच्यात म्हणत्यात," ती म्हणाली. "पोरगं कुल्फी ठेवाय गेलं तरी वराडतात, आबाच्या औषधाला दार उघडं ठेवू नको."

मग सुतळीचा अर्थ लागला. जिन्यावर दार उघडून बाटली पडू नये म्हणून ती बांधली होती. पाऊण तास धाकटा फ्रिज नव्हे, बापाचं औषध वर चढवत होता. आणि ते इतकं मनापासून केलं की फ्रिज वर पोचला म्हणजे औषध पोचलं, काम झालं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. सुनांनाही तसंच वाटलं. बाटली खिशात घालावी, हे सातही जणांना सुचलं नाही, कारण ती आधीच सुरक्षित होती. उघडलेली इन्शुलिनची बाटली फार उष्णता नसेल तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेरही चालते, आणि ऑगस्टातल्या कोल्हापुरात उष्णता कुठली? पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. 'फ्रिजमध्ये ठेवा' एवढंच सांगितलं होतं.

आज्जीच्या म्हशींचंही असंच. दूध डेअरीला जातं, दहा दिवसांनी बिल येतं, आणि ते बिल तिच्या हातात. घरात साखर-चहा, पोरांच्या वह्या, लेकीची ओटी, सगळं त्यातून. उसाचं बिल वर्षातून येतं आणि पुरुषांच्या खात्यावर जातं. म्हैस सोडून चल म्हणणं म्हणजे तिला स्वतःचा हात सोडून चल म्हणणं होतं. शिवाय तिला ती वस्तू वाटतच नाही. मी एकदा 'जनावरं' म्हणाले तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुढं मी प्रत्येक म्हशीचं नाव पाठ केलं.

थोरल्याचा राग समजायला आणखी वेळ लागला. त्या दुपारी भोंगा झाल्यावर बायको त्याला म्हणाली होती, आबांना आणि पोरांना ट्रॅक्टरनं सोनतळीला सोडून या. तो म्हणाला, आबाला कोण सांगणार? आणि पोत्यांना हात घातला. बापाच्या रेघेपुढं तो बोलला नाही. हे त्यानं मला सरळ कधी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं तेव्हा तो शेजारी बसून उसाचं पाचट उगाच हातानं चुरत होता.

कॅलेंडरची मागची बाजू

धाकट्या सुनेची परवानगी घेऊन फ्रिजची गोष्ट मी सगळ्यांसमोर काढली. कोणाला उपदेश केला नाही. फक्त विचारलं, फ्रिज घरात का आला होता? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आबाच बोलले, आणि थोरल्याकडं बघून बोलले, "माझ्यापायी आणला त्यानं. शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागत हुतं." थोरल्याला बोनसचं ठाऊक होतं, शेजारणीचं बोलणं ठाऊक नव्हतं. दोन्ही भाऊ त्या दिवशी गळ्यात पडले नाहीत. थोरला एवढंच म्हणाला, "मला सांगायचं की मग." त्यानंतर फ्रिजवरून टोमणा मात्र मी ऐकला नाही.

पुढच्या जूनच्या आधी आम्ही कागद करायला बसलो. लिहायला आठवीतली नात. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं आधी सामानाची यादी लिहायला घेतली, कारण शाळेत आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात तसंच असतं. मी म्हटलं, सामान राहू दे, माणसं लिही आणि प्रत्येक माणसापुढं एक हात लिही. असं झालं: आबा, धाकट्याच्या हाती. आज्जी, थोरल्या सुनेच्या. लहान दोघं, धाकट्या सुनेच्या. म्हशी, थोरल्याच्या. आबांची सुई आणि बाटली, नातीच्या स्वतःच्या, स्टीलच्या डब्यात, डबा तिच्या दप्तरात. प्रत्येकाकडं एकच. दुसऱ्याचं बघायचं नाही, आपलं सोडायचं नाही.

मग बंधाऱ्याचे फूट. ३९ ला म्हशी सोनतळीला, म्हणजे आज्जी अडून बसणार नाही. ४१ ला आबा, आज्जी, पोरं. ४३ ला घरात कोणी नाही. आबा म्हणाले, ३९ ला पाणी आपल्या उंबऱ्यापासून लांब असतं. आज्जी म्हणाली, "तुमची रेघ बघितली आम्ही." आबा गप्प बसले. म्हशी आधी हलवायला मी सुचवलं तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याला ते पटलं नव्हतं, माणसांआधी जनावरं कशी? पण या घरात म्हैस हलल्याशिवाय आज्जी हलत नाही, आणि आज्जी हलल्याशिवाय कोणीच हलत नाही. क्रम पुस्तकातून नाही, घरातून घ्यावा लागतो. धाकट्यानं विचारलं, टीव्हीचं काय? नातीनं सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं: टीव्ही, वेळ उरला तर.

२०२१

वेळ उरला नाही. २२ जुलैला पाऊस असा लागला की नदी एका रात्रीत चढली. ३९ आणि ४३ मध्ये आम्ही कागदावर जेवढी सवड धरली होती तेवढी मिळालीच नाही. म्हशी आणि माणसं एकाच वेळी निघाली. थोरला दोन म्हशी आणि नवं रेडकू घेऊन पावसात चालत सोनतळीला गेला, बाकीचे शेजारच्या ट्रॅक्टरवर. धाकट्यानं आबांना उचलून ट्रॉलीत बसवलं. बोटं नसलेल्या पायात आता खास बूट असतो, तो भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ट्रॉली हलायच्या आधी आबांनीच विचारलं, "फ्रिज?" धाकटा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." नातीनं दप्तर उघडून डबा दाखवला. मला हे तिनंच फोनवर सांगितलं, आणि दोनदा सांगितलं.

त्या वर्षीही पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. फ्रिज, टीव्ही, मोटरसायकल, शिलाई मशीन, सगळं पाण्याखाली. शिलाई मशीनसाठी धाकटी सून बरेच दिवस हळहळत होती, कारण तिची स्वतःची कमाई होती ती, आणि आमच्या कागदात तिला कोणाचाच हात नव्हता. ही माझी दुसरी चूक. मशीनचं वरचं डोकं दोन स्क्रू काढले की सुटतं, पिशवीत मावतं. आता कागदात ते आहे, तिच्या स्वतःच्या नावापुढं.

भाऊ मात्र एकत्र राहिले नाहीत. २०२२ मध्ये चुली वेगळ्या झाल्या. कारण पुराचं नव्हतं, उसाच्या बिलाचं आणि पोरांच्या शिकवणीच्या खर्चाचं. मला वाईट वाटलं, त्यांना तेवढं वाटलेलं दिसलं नाही. सोप्यात मधे भिंत घालायचं आबांनी ठाम नाकारलं, म्हणून सोपा एक आणि स्वयंपाकघरं दोन. दर मे महिन्यात कॅलेंडरच्या मागं कागद नव्यानं लिहिला जातो. नात आता कॉलेजला आहे, अक्षर तिच्या चुलतभावाचं असतं. वेगळ्या चुलीनंतरही आबांपुढं नाव धाकट्याचंच आहे आणि म्हशींपुढं थोरल्याचं. भिंतीवर २००५ च्या वर आणखी दोन रेघा आल्या आहेत. त्या आबांनी ओढल्या नाहीत, धाकट्यानं ओढल्या.

नवा फ्रिज थोरल्यानं घेतला, दोन दारांचा. बाटली आपल्यात ठेवा म्हणून तो मागं लागला होता. धाकटाही हप्त्यावर घेऊ म्हणाला. आबांनी दोघांनाही नको म्हटलं. खाटेशेजारच्या कोनाड्यात एक मडकं आहे, त्यात ओली वाळू, वाळूत दुसरं लहान मडकं, वर झाकण, आत बाटली. कुंभाराकडून मडकी आज्जीनं आणली. वाळू ओली ठेवायचं कामही तिचंच. जुना फ्रिज गोठ्यात आडवा पडला आहे. दाराचा रबर अजून घट्ट असल्यानं उंदीर शिरत नाहीत, म्हणून आज्जी त्यात सरकी पेंड ठेवते. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा आबांनी मडकं कोनाड्यातून काढून माझ्या हातात दिलं. "बघा," म्हणाले, "उचलाय हलकं हाय."